आधी चप्पल बघा

मधुमेहाच्या डॉक्टरला पेशंटचा पाय सगळ्यांत शेवटी दिसतो. आधी फाईल, मग शुगरचे आकडे, मग बीपी, मग झोप-जेवणाची चौकशी. तोवर बाहेरचा पुढचा नंबर पडदा सारून आत डोकावायला लागलेला असतो. पाय बघायचा म्हणजे बूट काढायचा, मोजा काढायचा, आज्जी असेल तर लुगड्याचा घोळ वर धरायचा, दोन्ही पाय स्टुलावर घ्यायचे, बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारायची, टाच उचलून मागून बघायची. नीट केलं तर दहा मिनिटं जातात. ज्या डॉक्टरकडे पेशंट आहेत त्याच्याकडे ही दहा मिनिटं नसतात, आणि ज्याच्याकडे दहा मिनिटं आहेत त्याच्याकडे पेशंट नसतात. म्हणून बेळगावात काय नि बेंगळुरात काय, पाय बघितला जातो तो बहुतेक वेळा वास यायला लागल्यावर.

मी बेळगावच्या शहापूर भागात मधुमेहाची प्रॅक्टिस करते. आसपास विणकरांच्या गल्ल्या, वडगाव-अनगोळ-येळ्ळूरची शेतकरी मंडळी, खानापूर-जांबोटीकडून सकाळच्या बसनं येणारी माणसं, आणि शिनोळीच्या पलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून येणारी. मला पाय बघणारं माणूस हवं होतं. जाहिरात देऊन ते मिळणार नव्हतं. बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी येते, तिला सलाईन लावता येते, इन्सुलिन भरता येतं, नोंदी चोख असतात. पण एकाच आजारात मुरलेली, डॉक्टरच्या बरोबरीनं विचार करत निर्णयाच्या उंबरठ्यापर्यंत येणारी नर्स हवी असेल, तर ती ज्याची त्यानं घडवायची. आणि ती कशी घडते यावर आपण डॉक्टर मंडळी फारच कमी बोलतो. हाताला काय शिकवायचं यावर वर्कशॉप होतात. हात कुठं थांबवायचा, आणि थांबवल्यावर कुणी उठून यायचं, यावर होत नाहीत.

अमेरिकेत हा प्रश्न ६० वर्षांपूर्वी उभा राहिला. डॉक्टर कमी, कामं जास्त. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड या प्राध्यापकांनी नौदलातून परतलेले चार कोअरमन, म्हणजे तिथले वैद्यकीय मदतनीस, घेतले. जखमी माणसं हाताळलेली, हातात काम असलेली, पण बाहेरच्या जगात उपयोगी पडेल अशी पदवी नसलेली ही माणसं. दोन वर्षं शिकवून त्यांना फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासून उपचार करणारे सहायक, केलं. त्याच वर्षी कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे पेशंट तपासून उपचारही ठरवणाऱ्या नर्सचं, शिक्षण सुरू केलं. (फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन. आपण सुरू केलेल्या कामाचं पुढं काय झालं ते इतका काळ बघायला मिळणं भाग्याचंच.) गंमत अशी की स्टेड यांना मुळात नर्सेसनाच वरचं शिक्षण द्यायचं होतं. थेल्मा इंगल्स या नर्सिंगच्या प्राध्यापिकेबरोबर त्यांनी तसा अभ्यासक्रम आखलाही. पण नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या तिथल्या संस्थेनं तो नाकारला. मग ते नौदलाकडे वळले. फिजिशियन असिस्टंट हा अख्खा पेशा त्या नकारातून जन्मला असं म्हटलं तरी चालेल. कागदावरून काय काय अडतं हे आयुष्यभर बघितलेल्या माझ्यासारख्या सीमाभागातल्या बाईला हे वाचून जरा बरंच वाटलं.

आपल्या देशात फिजिशियन असिस्टंटची सुरुवात झाली तीच मुळी स्पेशालिटीतून. १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या कामासाठी अशी माणसं तयार करायला घेतली. सर्जन थिएटरात तासन्‌तास अडकलेला, आणि बाहेर काल ऑपरेशन झालेल्या पेशंटचं ड्रेन, त्याचं पोटॅशियम, त्याचे घाबरलेले नातेवाईक. तिथं सर्जनच्या डोक्यानं विचार करणारं माणूस लागतं. पुढं २०१६-१७ च्या सुमारास इंडियन नर्सिंग कौन्सिलनं क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम आणला. २०१८ साली केंद्र सरकारनं बाळंतपणाच्या सेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत फिजिशियन असोसिएटचं (फिजिशियन असिस्टंटचंच दुसरं नाव) नाव आलं. म्हणजे कागद हळूहळू का होईना तयार होतायत.

पण आमच्या जिल्ह्यात कागदाच्या कितीतरी आधी ही माणसं होती, आणि त्यांचं काम साऱ्या जगानं वाचलेलं आहे. बेळगावकरांनाच ते फारसं ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर एक अभ्यास झाला. आमच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि त्यांचे अमेरिकन सहकारी त्यामागे होते. रक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सर्वांत चांगलं, पण ते गार ठेवावं लागतं आणि टोचावं लागतं. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. मग ती गोळी गावातली एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी आरोग्यसेविका, देऊ शकेल का, एवढाच साधा प्रश्न. १,६२० बाळंतिणी, आणि त्यांची बाळंतपणं करणाऱ्या, गोळी देणाऱ्या, रक्त मोजणाऱ्या २५ एएनएम. निम्म्या बायांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

मला त्या अभ्यासातल्या आकड्यांपेक्षा त्यातली प्लास्टिकची पिशवी जास्त आवडते. बाळ झाल्यावर बाईच्या खाली ती सरकवायची. खाली निमुळती होत गेलेली, आणि निमुळत्या भागावर मापाच्या रेघा. एरवी रक्त किती गेलं हे लुगड्याचा बोळा बघून सांगायचं, 'बरंच गेलं' नाहीतर 'नेहमीएवढंच'. पिशवी हातात आल्यावर एएनएमला आकडा सांगता आला. आणि तिथं खरा फरक पडतो. 'सर, रक्त बरंच जातंय' याला पलीकडून 'थांबा, बघू' म्हणता येतं. 'सर, पाचशे मिलीची रेघ ओलांडली' याला तसं म्हणता येत नाही. हल्ली आफ्रिकेतल्या चार देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली आला, त्यातही रक्तस्राव वेळेत ओळखायची पहिली पायरी अशीच रेघांची पिशवी होती. डॉक्टरपासून लांब काम करणाऱ्या माणसाच्या हातात असं एक माप द्यायचं, की ज्यामुळं तिचं म्हणणं कुणाला उडवून लावता येणार नाही. गोळी बदलेल, माप राहील.

दुसरी माणसं कुष्ठरोगाच्या कामातली. हिंडलगा म्हटलं की बाहेरच्यांना तुरुंग आठवतो; आम्हाला तिथलं कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटलही आठवतं. त्या कामात पॅरामेडिकल वर्कर असायचे. गावोगाव फिरून अंगावरचा चट्टा बघायचा, त्याला स्पर्श कळतो का तपासायचं, कोपराच्या मागची नस बोटांखाली घेऊन ती जाड झाली आहे का हे सांगायचं. त्यांच्या बोटांना जे कळायचं ते एम.डी. झालेल्या माणसाच्या बोटांना कळेलच असं नव्हतं, आणि चांगले डॉक्टर त्यांना विचारायला लाजत नसत. आपण त्यांना कधी स्पेशालिस्ट म्हटलं नाही एवढंच.

ही आठवण इथं काढायचं कारण आहे. मधुमेहाच्या पायाचं निम्मं शास्त्र कुष्ठरोगाच्या पायावरून आलेलं आहे. पॉल ब्रँड या सर्जननी वेल्लोर-करिगिरीत कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केलं आणि पुढं अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात गेल्यावर तेच शहाणपण मधुमेहाच्या पायाला लावलं. दुखणं कळत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, हे दोन्हीकडे सारखंच. आमच्या टेबलावरची नायलॉनची मोनोफिलामेंट, म्हणजे पायाला स्पर्श कळतो का ते तपासायचा तंतू, तिथूनच आली. पायताणात घालायचं मऊ एमसीआर रबर आलं तेही कुष्ठरोगाच्याच कामातून.

आता आमच्या सिस्टर. नंदगडच्या बाजूच्या. आधी एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं काढलेली, म्हणून मी त्यांना घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी हातमोजे घातले आणि पेशंटचा पाय हातात घेतला. मी म्हटलं, "पाय नंतर. आधी चप्पल बघा."

चप्पल खोटं बोलत नाही. पेशंट म्हणतो मी जास्त चालत नाही, आणि टाच बाहेरच्या बाजूनं पार झिजलेली असते. अंगठ्याच्या बुडाशी तळव्यात खोल खळगा पडलेला असतो, म्हणजे वजन तिथं पडतंय, म्हणजे घट्टा तिथंच येणार, आणि घट्ट्याखाली जखमही तिथंच. कधी तळातून वर आलेला खिळा सापडतो. एका गवंडीकाम करणाऱ्या मामांच्या बुटात वाळूचा खडा सापडला, सकाळपासूनचा. आणि काही जणांच्या बाबतीत चप्पलच सापडत नाही. "आत येताना होती की पायात. कुठं सुटली की, कळलं नाही बघा." मग एखादं पोर धावत जाऊन बाहेरच्या पायरीवरून ती घेऊन येतं. हे वाक्य कानावर पडलं की अर्धं निदान झालेलं असतं. सिस्टरना मी सांगून ठेवलंय, फाईलवर ते पेशंटच्याच शब्दांत लिहायचं.

आमच्याकडे यात आणखी एक पेच आहे. अथणी-निपाणीची चप्पल. 'कोल्हापुरी' म्हणून जगभर जाते, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आमचा बेळगाव आहे. देखणी चप्पल, पण तळ कडक आणि अंगठ्याला पट्टी. संवेदना गेलेल्या पायाला ती चालत नाही. आणि कोल्हापुरी घालू नका म्हणून इथल्या शेतकऱ्याला सांगणं म्हणजे ताटातला भात सोडा म्हणण्यासारखंच. मी सांगून दमले होते. सिस्टर आल्यावर म्हणायला लागल्या, "मामा, ती लग्नाला, जत्रंला ठेवा की. शेतात आणि घरात ही घाला." भांडण मिटलं. एमसीआरच्या सँडलचा तर वेगळाच घोळ होता. जुन्या लोकांना त्या निळ्या-काळ्या रबरावरून कुष्ठरोगाची आठवण येते, शेजारचे काय म्हणतील म्हणून ती पिशवीत घालून घरी नेतात आणि खुंटीला टांगतात. सिस्टरनी बाजारातल्या एका चर्मकाराला गाठून आत एमसीआर आणि वरून चामडं, मागं पट्टा, अशी सँडल करून घेतली. ती लोक घालतात. हे मला कुठल्या कॉन्फरन्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मोनोफिलामेंट वापरायला शिकवणं सोपं वाटतं, आहे अवघड. नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा. वाकला की १० ग्रॅमचा दाब पडला. पेशंटनं डोळे मिटायचे आणि कळलं की 'हो' म्हणायचं. घोळ असा की आमचा पेशंट भला माणूस असतो. सिस्टरनी "कळतंय का मामा?" म्हणून विचारलं की तो सिस्टरना वाईट वाटू नये म्हणून "हो की" म्हणतो. कानडी आज्जींना "गोत्तागतैतेन्री?" म्हणा, उत्तर तेच. म्हणून मधूनच न टेकवता विचारायचं. तेव्हाही 'हो' आलं तर सगळी तपासणी पहिल्यापासून. शिवाय घट्ट्यावर तंतू टेकवायचा नाही, तिथं चांगल्या पायालाही कळत नाही. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर. थरथर कधी थांबली ते पेशंटनं सांगायचं आणि ती आपल्या हाताला अजून लागतेय का ते आपण बघायचं.

घट्टा तासायला शिकायला जास्त दिवस लागले. पंधरा नंबरचं ब्लेड आडवं धरायचं, टोक खुपसायचं नाही, पातळ पापुद्रे काढत जायचं. सिस्टर आधी साबणाच्या वडीवर शिकल्या, मग माझ्यासमोर, मग मी शेजारच्या टेबलावर असताना. पिवळा थर संपून गुलाबी दिसायला लागलं की थांबायचं. तासताना खाली तपकिरी-काळा डाग दिसला तर आत रक्त साकळलंय, म्हणजे जखम आहे, म्हणजे आता हे नुसतं घट्ट्याचं काम राहिलं नाही. एवढं हाताला येतं. कुणालाही येतं, सवयीनं.

हाताला न येणारी गोष्ट वेगळी असते. वडगावचे एक मामा, आयुष्य मागावर काढलेले. अंगठ्याखाली मोठा घट्टा. "मागच्या बारीला कापला तसा कापून टाका की सिस्टर, चालायला बरं पडतंय." ब्लेड हातात, ट्रे तयार. पण नेमानं आधी पावलाची नाडी बघायची, ती लागेना. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र, लावला. घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून आकडा काढला तर १.४ आला. ०.९ च्या खाली आला तर रक्तपुरवठा कमी, हे पुस्तकात ठळक छापलेलं असतं, १.४ म्हणजे वरवर झकासच. नवख्या माणसानं घट्टा कापला असता. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, त्या दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटाच वर जातो. १.३ च्या वर गेलेला आकडा चांगला नव्हे, संशयाचा. सिस्टरना ते शिकवलेलं होतं. पण त्यांना थांबवलं ते आकड्यानं नाही, आवाजानं. डॉपलरचा आवाज नेहमी येतो तसा ठोक्यांचा नव्हता, सपाट, एकसुरी होता. त्यांनी ब्लेड ट्रेमध्ये परत ठेवलं, मामांना म्हणाल्या, "आज कापायचं नाही, मॅडमना बघू दे," आणि माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

रक्त पोचत नसलेल्या पायावर केलेली छोटी जखमसुद्धा भरत नाही, आणि मग बोट जातं. मामांना आधी व्हॅस्क्युलर सर्जनकडे पाठवलं, घट्टा नंतर. हातात ब्लेड आहे, पेशंट कापा म्हणतोय, मागच्या वेळी आपणच कापलाय, मशीनचा आकडाही अडवत नाही, आणि तरी ब्लेड खाली ठेवायचं. स्पेशालिटीचं शिक्षण मी याला म्हणते.

आणि याचा दुसरा अर्धा भाग डॉक्टरकडे असतो. बोलावलं की उठायचं. बाहेर कितीही नंबर असोत. नव्वद वेळा किरकोळ निघेल. पण एकदा जरी कपाळाला आठी घालून "एवढ्यासाठी?" म्हटलं की पुढच्या वेळी ती बोलावणार नाही, आणि तीच वेळ नेमकी खरी असेल. मोठमोठ्या हॉस्पिटलांत मी उलटंच बघितलंय. एका ठिकाणी, नाव नको, आयसीयूत रात्रपाळीला नुकत्या लागलेल्या मुलींवर व्हेंटिलेटरचे पेशंट सोडलेले असायचे, कन्सल्टंटचा फोन रात्री अकरानंतर बंद, आणि सकाळी विचारणा मात्र "मला का कळवलं नाही?" तिथं या मुलींच्या कोटावर काहीही छापा, त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. स्वस्तातले हात म्हणतात.

आमच्याकडे रोज ओपीडी संपल्यावर चहा होतो आणि सिस्टर दोन-तीन पाय 'सांगतात'. कोण, कुठला पाय, केव्हापासून, काय दिसलं, काय वाटतं, काय केलं. शेवटी "काय करू?" असं विचारायचं नाही, "असं करावं म्हणते" असं म्हणायचं, मग मी हो म्हणते किंवा नाही म्हणते, आणि का ते सांगते. लाल, सुजलेला, गरम पाय, जखम मात्र कुठंच नाही, असं त्या एकदा सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "सेल्युलायटिस म्हणणार होते. पण मॅडम, ताप नाही, आणि पाय वर धरून ठेवल्यावर लाली उतरली." सेल्युलायटिस म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग; हा तो नव्हता, शार्कोचा पाय होता. आत हाडांचा चुरा व्हायला लागलेला, वरून नुसता सुजल्यासारखा. असला पाय अँटिबायोटिकवर ठेवून चालू दिला तर महिन्याभरात तळवा उलटा फुगतो आणि कायमचा बिघडतो. त्याला प्लास्टर घालून बसवलं. हे निदान भल्याभल्यांकडून निसटतं. सिस्टरकडून निसटलं नाही, कारण रोज संध्याकाळी मोठ्यानं विचार करायची त्यांना सवय झाली होती.

मला आजकाल जाहिराती येतात, थोड्या आठवड्यांत डायबेटिक फूटचं सर्टिफिकेट. माझं मत स्पष्ट आहे: आधी सगळा माणूस, मग पाय. अमेरिकेतही फिजिशियन असिस्टंट आधी सगळ्या विषयांचं शिक्षण घेतो, आणि मग एखाद्या स्पेशालिटीत काम करत मुरतो. तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनं २०११ पासून स्पेशालिटीसाठी जास्तीची पात्रता दिली ती अशा आधीच तयार झालेल्यांना. आमच्याकडे टाचेच्या भेगांसाठी आलेली एक बाई बाकावर बसल्या बसल्या घामानं डबडबली. "काय न्हाई, पोटात जळजळतंय, सकाळी चटणी खाल्ली जास्त." सिस्टरनी पायाकडे बघितलंसुद्धा नाही, आधी ईसीजी काढला. हार्ट अॅटॅक होता. मधुमेहात छातीत दुखतंच असं नाही, हे वॉर्डात राबलेल्या नर्सला माहीत असतं. फक्त पाय शिकलेल्या माणसानं भेगांना मलम लावून तिला घरी पाठवलं असतं.

ऋतूप्रमाणं काम बदलतं, तेही शिकावं लागतं. पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत खानापूरकडच्या बायांच्या बेचक्यांत चिखल्या. उसाच्या दिवसांत पाचटानं कापलेले पाय. मार्गशीर्ष आणि माघाच्या पौर्णिमेनंतर सौंदत्तीहून अनवाणी परतलेले, तळव्याला फोड घेऊन. थंडीत गरम पाण्यात पाय घालून बसणारे. "बरं वाटतंय म्हणून बसलो होतो," आणि कातडी सोललेली. सिस्टर आता त्या त्या महिन्याच्या आधीच्या महिन्यात पेशंटला बजावतात. सौंदत्तीला जाऊ नका असं कुणाला सांगत नाहीत. कुठल्या वेळी जा, मोजे घालून चाला, आल्यावर दुसऱ्याच दिवशी दाखवायला या, हे सांगतात.

सीमेचं म्हणाल तर पेशंटला ती फारशी दिसत नाही, कागदाला दिसते. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं इथल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं तेव्हा दोन्ही बाजूंनी बरीच भाषणं झाली. ओपीडीत त्याचा अर्थ एवढाच, की कुणाच्या पिशवीत कुठलं कार्ड आहे आणि ते कुठल्या हॉस्पिटलात चालतं, हेही सिस्टरना पाठ असावं लागतं. आणि नर्सचं रजिस्ट्रेशन? ते राज्याचं. बेळगावात शिकलेली मुलगी चंदगडला सून म्हणून गेली की बेंगळुरूच्या कौन्सिलकडून मुंबईच्या कौन्सिलकडे कागद फिरवत बसते. आणि पायाचं जे काही माझ्याकडे शिकली, त्याला तर दोन्हीकडच्या रजिस्टरात रकानाच नाही. दहा पाय वाचवले तरी ती स्टाफ नर्स, आणि पगारही स्टाफ नर्सचाच. दुसरीकडं गेली तर शून्यापासून. मग त्यातल्या हुशार मुली इंग्रजीची परीक्षा देऊन परदेशाची वाट धरतात. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

माझे एक सर्जन मित्र आहेत, या सगळ्याच्या विरोधात. त्यांची भीती खोटी नाही. आमच्या भागात डॉक्टरकडे चार वर्षं कंपाउंडर म्हणून राहिलेला माणूस पाचव्या वर्षी गावाकडे दुकान थाटतो, येईल त्याला सलाईन टांगतो, आणि ते निस्तरायला शेवटी हेच सर्जन लागतात. ते मला म्हणाले, "मॅडम, आज तुमची सिस्टर घट्टा कापते, उद्या बोट कापेल." मी म्हटलं, "बोट तुम्हाला कापायला लागू नये म्हणूनच ती घट्टा कापते." ते हसले, पटलं मात्र नाही. त्यांना मी आमची वही दाखवली. सिस्टरनी स्वतःहून काय करायचं, काय फक्त मला विचारून, आणि कशाला हातच लावायचा नाही, असे तीन भाग, खाली माझी सही. नाडी लागत नसेल तर ब्लेड नाही. जखमेत हाड लागलं तर ड्रेसिंग करून पाठवायचं. पायाच्या दुखण्याबरोबर ताप-थंडीही असेल तर त्याच दिवशी ॲडमिशन. कंपाउंडर डॉक्टर होतो तो अशी वही नसल्यामुळं, आणि वही असली तरी ती रोज उघडून बघणारा डॉक्टर नसल्यामुळं. हे मी त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी वहीची पानं उलटली, दोन ठिकाणी पेन्सिलीनं दुरुस्त्या सुचवल्या. एक दुरुस्ती बरोबर होती, ती मी घेतली.

मग परवा त्यांचाच फोन. त्यांच्या नर्सिंग होममधली एक सिस्टर हुशार आहे, आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे पाठवू का, पायाचं बघून शिकेल. म्हटलं, एक दिवसानं होणार नाही, सलग पाठवा, आणि संध्याकाळच्या चहालाही थांबू द्या. तयार झाले. फी किती घेणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, फी काही नको; शिकून परत आली की तिचा पगार वाढवा, आणि ती बोलावेल तेव्हा थिएटरातून निदान फोन तरी उचला.

फोनचं त्यांनी लगेच कबूल केलं. पगाराचं पुढच्या महिन्यात बोलू म्हणाले.